नमुना एकेचाळीस

पित्ताशय काढताना सर्जन थोडी चरबी कापून देतात,
लिंबाच्या फोडीएवढी.
बर्फ चालत नाही तिला. थिजते.
म्हणून कोमट पाण्याचा थर्मास,
थर्मासला माझा स्वेटर,
आणि डिसेंबरच्या सकाळी साडेआठाला मी
द्वारकेच्या सिग्नलला कुडकुडत उभी.
हवालदार म्हणतो, चहा का? एकटीच पिणार?

एकेचाळीस म्हणजे मंदाकिनी निरभवणे, वय त्रेपन्न,
नाशिक रोडच्या प्रेसमध्ये नोटा तपासतात.
दिवसभर कोरे कागद, न वापरलेला पैसा,
बाहेर पडताना झडती.
आदल्या संध्याकाळी संमतीपत्र वाचून दाखवलं
तर हसल्या, पोट धरून, दुखत असताना.
"तीस वर्षं बाळगतेय. किलोभर न्या की."
मग जरा थांबून,
"टाकून तर नाही ना देणार नंतर?"
मी नियमात बसेल ते उत्तर दिलं.

फॉर्मवर एक रकाना: जन्माचं वजन.
माहीत नाही, म्हणाल्या.
बहात्तर साल. आई सिन्नरकडे खडी फोडायला जायची,
मिळेल ती सुकडी खायची.
"मला सुपात ठेवलं होतं म्हणे,
आणि सूप अर्धं रिकामंच."
ग्रॅममध्ये लिहायचं असतं.
मी समासात लिहिलं: सूप, अर्धं.

पाऊण तास हलत राहते नळी सदतीस अंशांवर,
विकर मांसाची वीण उसवत जातो.
रक्ताच्या पेशी, धागे, बाकीचं सगळं तळाशी.
ही मात्र वर येते,
पिवळसर, सुटी,
नीट भिजलेला साबुदाणा जसा.
मला दर वेळी उपासाची आठवण होते, दर वेळी लाज वाटते.

सायखेडकर सर नव्या मुलांना सांगतात,
याला कोठार समजू नका, हे टपालखातं आहे.
इथून मेंदूला रोज एकच पत्र जातं: पुरे.
फार पत्रं आली की मेंदू फोडायचा थांबतो.
आणि माणूस वाळला म्हणून पेशी कमी होत नाहीत,
आकसतात,
एक मेली तर तिच्या जागी दुसरी येते,
रिकामी पिशवी घडी करून
बसून राहते.

तुलनेला बारीक माणसं मिळेनात.
मी आहे की, म्हटलं.
पंचेचाळीस किलो. प्रत्येक लग्नात कुणीतरी दंड चाचपून
"खात नाहीस का गं" विचारलेली मी.
बेंबीपासून चार बोटं सोडून सुई.
नमुना बेचाळीस.

सूक्ष्मदर्शकाखाली बाईंच्या पेशी लहान, बऱ्याच, शांत.
माझ्या मोठ्या.
ठासून भरलेल्या, कडेला सूज,
कडेनं पहारेकरी पेशींचा गराडा.
उपाशीपोटी साखर एकशे एकतीस.
सर चष्मा पुसत राहिले.
आलेखात मी माझ्या गटात बसत नव्हते;
ठिपका वरती, एकटाच, जणू चुकून पडलेला.
पुन्हा मोजला. तिथेच.

रात्री आईला फोन केला: मी झाले तेव्हा वजन किती होतं?
पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला.
"दीड किलो नि वर काहीतरी.
का?"
काही नाही, सहज.
"तेव्हा मला अन्न जायचंच नाही.
नाही म्हणजे... जाऊ दे."
आणि भांडी पुन्हा सुरू झाली, जरा जास्तच जोरात.

टाके काढायला निरभवणेबाई आल्या. गाऊनवर शाल.
काय म्हणते माझी?
तरंगली, म्हटलं.
तेवढ्यावर खूश.
डब्यातून मेथीचा लाडू काढला,
माझ्या हातावर ठेवला, माझ्या मनगटाकडे बघत.
मी अर्धा खाल्ला.
अर्धा कागदात गुंडाळून एप्रनच्या खिशात.

गुरुवारी पिवळी पिशवी भरायची असते.
उरलेलं त्यात जातं, नोंद करून, गाठ मारून.
एकेचाळीस, बेचाळीस.
गाडी येईपर्यंत पिशवी दाराशी होती,
आणि खिशाला तुपाचा डाग.